धुळीतल्या लोखंडाची साक्ष : फेंटनच्या परीक्षानळीपासून इंदूरच्या सिंक्रोट्रॉनपर्यंत

१/ दिवसभर शहरात हिंडून आल्यावर रुमालाने चेहरा पुसला, की त्यावर काळसर डाग उमटतो. त्या डागात काजळी असते, माती असते आणि लोखंडही असते. हे लोखंड ओळखण्याची विद्या कशी घडली आणि ती आपल्या श्वासाशी कशी येऊन भिडली, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभ १८९४ चा. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी दाखवले, की हायड्रोजन पेरॉक्साइडसोबत फेरस लोखंडाचा अल्पसा अंश असला, तर टार्टारिक आम्लाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते. फेरस म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड; तीन गमावले की ते फेरिक. या क्रियेत अत्यंत दाहक असे हायड्रॉक्सिल मूलक जन्मते, हे पुढे कळले.

३/ दुसऱ्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना एक अनोळखी प्रारण गवसले. बीजगणितातल्या अज्ञात राशीचे नाव त्याला मिळाले आणि मराठीने त्याला ‘क्ष-किरण’ म्हटले. फेंटन यांची परीक्षानळी आणि राँटगेन यांची निर्वात नळी यांची भेट व्हायला मात्र बराच काळ जायचा होता.

४/ १९१३ मध्ये मँचेस्टर येथे हेन्री मोझली या तरुणाने एकामागून एक मूलद्रव्ये घेऊन त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची खूण होती आणि त्या खुणा अणुक्रमांकाच्या पायरीने चढत जात होत्या. लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८. अणुभारानुसार कोबाल्ट आणि निकेल यांचा क्रम उलटा लागे. मोझली यांनी तो वाद संपवला.

५/ या शोधाचा अर्थ असा, की पदार्थ विरघळवल्याशिवाय, त्याचा रंग वा वास न पाहताही त्यात लोखंड आहे की नाही हे निश्चित सांगता येते. मोझली यांना मात्र आपल्या विद्येचा विस्तार पाहायला मिळाला नाही. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर, वयाच्या २७ व्या वर्षी, ते मारले गेले.

६/ पुढचे पाऊल स्वीडनमधील लुंड येथे पडले. मान्ने सीगबान यांच्या प्रयोगशाळेत १९२० च्या सुमारास क्ष-किरणांच्या शोषणाचा अभ्यास चालू होता. किरणांची ऊर्जा वाढवत नेली, की एका ठरावीक ठिकाणी शोषण एकाएकी उसळी घेते. ही ‘शोषणकडा’. फॉस्फरस आणि क्लोरीन यांवरील प्रयोगांत आढळले, की मूलद्रव्य तेच असले तरी रासायनिक रूप बदलले की ही कडाही किंचित सरकते.

७/ कारण सोपे आहे. अणूने बाहेरचे इलेक्ट्रॉन गमावले, की उरलेल्यांना केंद्रक अधिक घट्ट धरते. आतला इलेक्ट्रॉन उपटायला जास्त ऊर्जा लागते. मोझली यांच्या विद्येने ‘हे कोण?’ याचे उत्तर दिले होते. लुंडच्या विद्येने ‘हे कोणत्या अवस्थेत आहे?’ याचे उत्तर देण्याची सोय केली.

८/ हवेचा अभ्यास तेव्हा फार मागे होता. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत लंडनवर विषारी धुके उतरले आणि त्या काळच्या मोजणीनुसार सुमारे ४,००० माणसे दगावली. हवेतील धूर मोजण्याची त्या काळची प्रचलित रीत म्हणजे पांढऱ्या गाळणकागदातून हवा ओढायची आणि त्यावरील डागाचा काळेपणा पाहायचा. डाग किती काळा हे कळे. तो कशाचा, हे कळत नसे.

९/ १९७० मध्ये त्याच लुंडमध्ये प्रोटॉनच्या माऱ्याने नमुन्यातून क्ष-किरण उपजवण्याची पद्धत पुढे आली. तिच्यामुळे आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीमुळे गाळणकागदावरील चिमूटभर धुळीतही मूलद्रव्ये मोजता येऊ लागली. मोझली यांनी सांगितलेली लोखंडाची खूण शहरोशहरी उमटली : वाहनांच्या ब्रेकची झीज, रेल्वेची चाके आणि रूळ, ओतकामाचे कारखाने, रस्त्यावरची माती.

१०/ तरीही ‘किती’ म्हणजे ‘कसे’ नव्हे. अवस्था तपासायची, तर शोषणकडा रेखायला हवी आणि गाळणकागदावरील मायक्रोग्रॅमभर लोखंडासाठी साध्या क्ष-किरण नळीचा प्रकाश अपुरा. ही अडचण सिंक्रोट्रॉनने दूर केली. जवळपास प्रकाशवेगाने वळणारे इलेक्ट्रॉन अतिशय प्रखर क्ष-किरण फेकतात. स्टॅनफर्ड येथे १९७४ पासून हा प्रकाश संशोधकांना मिळू लागला.

११/ रीत अशी. किरणांची ऊर्जा ७,११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास बारीक पायऱ्यांनी वाढवायची. धातुरूप लोखंडाची कडा तिथे आहे. फेरस लोखंडाची कडा त्याच्या थोडी वर, फेरिकची आणखी वर. मग धुळीचा आलेख ज्ञात खनिजांच्या आलेखांशी ताडून पाहायचा. नमुना विरघळवावा लागत नाही, म्हणून साक्षीदार जबाब देण्यापूर्वीच बदलून जाण्याची भीती कमी.

१२/ २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अटलांटा शहराच्या अभ्यासात या पद्धतीने एक अनपेक्षित गोष्ट उघड केली. लोखंडाचा किती भाग पाण्यात विरघळतो, हे त्याच्या फेरस-फेरिक अवस्थेवरून ठरत नव्हते. त्याचा मेळ बसत होता कणांतील गंधकाशी. गंधकयुक्त धुरातून बनलेले आम्ल कणांवर चढते आणि घट्ट बसलेले लोखंड सोडवते.

१३/ इथे १८९४ ची परीक्षानळी परत येते. फुप्फुसाच्या ओलाव्यात अल्पसे हायड्रोजन पेरॉक्साइड असते. विरघळलेले लोखंड फेरिक असले, तरी शरीरातील क जीवनसत्त्वासारखी द्रव्ये त्याला फेरस करू शकतात आणि मग फेंटन यांची क्रिया छातीतच सुरू होऊ शकते. म्हणजे ब्रेकची धूळ आणि चिमणीचा धूर हे दोन वेगळे उपद्रव मानून भागत नाही; एक दुसऱ्याला धार लावतो.

१४/ आता आपल्याकडे पाहू. भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. शिसे, आर्सेनिक आणि निकेल यांनाही स्वतंत्र मर्यादा आहेत. लोखंड त्या यादीत नाही. तराजू वजन सांगतो. समान वजनाच्या दोन गाळणकागदांपैकी एकावरचे लोखंड निद्रिस्त आणि दुसऱ्यावरचे जागे असू शकते, हे तो सांगत नाही.

१५/ हे सांगू शकणारे साधन मात्र देशात आहे. होळकरांच्या इंदुरात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन उभा आहे आणि त्यावर क्ष-किरण शोषणाच्या अभ्यासाची सोय आहे. १९५२ च्या लंडनला डागाच्या काळेपणावर भागवावे लागले, कारण त्याच्या हाती दुसरे काही नव्हते. आपल्याला ती सबब उरलेली नाही.

धागा समाप्त.