सोळाव्या वर्षी हाती आलेले मोडके जग

१४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी पानिपतच्या तळावरून जे मराठा सैन्य बाहेर पडले, ते उपाशी होते. शत्रू अहमदशहा अब्दालीने रसद तोडून दोन महिने उलटले होते आणि तळात लढवय्यांबरोबर बायकामुले, यात्रेकरूही अडकले होते. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव विशीच्याही आतले. ते गोळी लागून पडले, तेव्हा सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या धावपळीतून वाचून परतल्या. पण भाऊ गेले हे त्यांनी कधीच मानले नाही, सौभाग्यलेणे उतरवले नाही.

तरुणांसाठीच्या डिस्टोपियन प्रेमकादंबऱ्यांची ओळख करून देताना पानिपत कशाला, असे वाचकांना वाटू शकेल. कारण साधे आहे. कोसळलेले जग, थोरांच्या निर्णयांची किंमत मोजणारी कोवळी पिढी आणि त्यातही टिकून राहिलेला जिव्हाळा, ही या प्रकाराची सारी सामग्री मराठी घरांत फार पूर्वीपासून ओळखीची आहे. मराठी वाचक या दालनात परका म्हणून येत नाही.

१९६२ साली आलेली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ या दृष्टीने पुन्हा उघडून पाहा. पानिपतानंतर काही महिन्यांतच नानासाहेब पेशवे गेले आणि पेशवाईची वस्त्रे त्यांचे पुत्र माधवराव यांच्या अंगावर चढली. वय सोळा. रिकामा खजिना, काकांशी कलह, पुढे क्षय. आणि १७७२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला अखेर. या साऱ्यातून पत्नी रमाबाईंच्या वाट्याला येतात त्या राज्यकारभारातून सुटलेल्या थोड्या घटका. तरुण वाचक त्या पानांवर रेंगाळतो, कारण तिथला प्रत्येक निवांत क्षण कुठून तरी ओढून आणलेला आहे, हे त्याला कळत असते.

आता सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’कडे (२००८) वळा. नायिका कॅटनिसही सोळा वर्षांची. धाकट्या बहिणीऐवजी ती स्वतः मरणाच्या खेळात उतरते. तिच्या आणि पीटाच्या नात्याची मुळे त्याआधीच्या एका पावसाळी दिवसात आहेत: वडील गेलेले, घरात अन्न नाही, आणि बेकरीवाल्याचा मुलगा आईचा मार खाऊन मुद्दाम करपवलेला पाव तिच्याकडे फेकतो. वाचकांनी हा प्रसंग सावकाश वाचावा. भूक हे जिथे राज्यकर्त्यांचे हत्यार आहे, तिथे पाव देणे म्हणजे बंडच. पुढे कॅमेऱ्यांसमोर हेच प्रेम जगण्यासाठी वठवावे लागते, आणि खरे किती, दाखवण्यापुरते किती, हे कॅटनिसलाच उमगेनासे होते. सतत कोणाच्या तरी नजरेखाली वाढणाऱ्या आजच्या मुलांना ही घालमेल समजावून सांगावी लागत नाही.

अशा कादंबऱ्यांतली प्रेमकथा खप वाढवण्यासाठी जोडलेली असते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. दुय्यम पुस्तकांबाबत तो खराही आहे. पण चांगल्या कादंबरीत प्रेम काढून घेतले तर राजकारणही उरत नाही. व्हेरॉनिका रॉथ यांच्या ‘डायव्हर्जंट’मध्ये (२०११) सोळाव्या वर्षी प्रत्येकाला पाचांपैकी एक गट निवडून रक्ताचा थेंब सांडावा लागतो, गट बदलला की आईवडील दुरावतात. जिथे माणसाचे सगळे आयुष्य असे आधीच वाटून टाकलेले असते, तिथे कोणावर जीव लावायचा एवढाच निर्णय स्वतःचा राहतो. सोळा-सतराव्या वर्षी तोच निर्णय सर्वांत मोठा वाटतो, आणि तो तसा वाटण्यात गैर काहीच नाही.

तुम्ही नवखे असाल तर ‘स्वामी’पासून निघा, मग विश्वास पाटलांची ‘पानिपत’ घ्या आणि त्यानंतर कॉलिन्सकडे जा. मध्ये जयंत नारळीकरांची एक विज्ञानकथाही वाचा. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ती ‘द ॲडव्हेंचर’ नावाने आहे. तिच्यात प्रेमकथा नाही. पण विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाला चाटून जाते, मराठे पानिपत जिंकतात, आणि एक प्राध्यापक त्या वेगळ्या हिंदुस्थानात जाऊन पोहोचतो.