ध्वनीची भिंत आणि विमानाची शेपटी

१४ ऑक्टोबर १९४७ ची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटावर, सुमारे सहा हजार मीटर उंचीवर, बी-२९ बॉम्बर विमानाच्या पोटाखालून नारिंगी रंगाचं एक छोटं विमान सुटलं. त्याचं नाव बेल एक्स-१. आत होता चोवीस वर्षांचा चक येगर. दोनच दिवसांपूर्वी घोड्यावरून पडून त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या. दार ओढून घ्यायला हाताला बळ नव्हतं, म्हणून जॅक रिडले या अभियंता मित्राने त्याला केरसुणीच्या दांड्याचा तुकडा कापून दिला होता!

दांड्याचा हा किस्सा सगळे सांगतात. मला मात्र रिडलेचं दुसरं काम अधिक मोलाचं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं वेगाने खाली झेपावली की कधीकधी वैमानिकाला जुमानत नसत. विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचलं की पंखांवरून वाहणारी हवा त्याच्याआधीच तो वेग ओलांडते. तिथे आघात-लहरी उठतात आणि सगळा तोल बिघडतो. १९४६ मध्ये ब्रिटनचा जेफ्री डी हॅविलंड अशाच वेगाच्या चाचणीत विमान तुटून मरण पावला. लोक ‘ध्वनीची भिंत’ म्हणू लागले ते याच काळात.

मग हे प्रयोगशाळेत का तपासलं नाही? कारण त्या काळच्या वातबोगद्यांत नेमक्या या वेगालाच हवा कोंडायची आणि मोजमापं विश्वासार्ह राहायची नाहीत. तेव्हा आकाशालाच प्रयोगशाळा करायचं ठरलं. एक्स-१ चं धड बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं केलं, कारण गोळी ध्वनीपेक्षा वेगात स्थिर जाते हे ठाऊक होतं. पंख पातळ ठेवले, रॉकेट इंजिन बसवलं आणि आत मोजमापाची उपकरणं भरली.

तरीही आधीच्या एका उड्डाणात, ध्वनीच्या ९४ टक्के वेगाला, येगरने दांडा ओढला आणि विमानाचं नाक हललंच नाही. आघात-लहर शेपटीवर नेमकी एलेव्हेटरच्या बिजागरीपाशी येऊन बसली होती. मागची हलणारी पट्टी निकामी झाली होती. मोहीम इथेच थांबते की काय, असं वाटू लागलं.

रिडलेने आकडेमोड केली. विमान आखतानाच एक सोय ठेवलेली होती: पट्टीऐवजी अख्खी आडवी शेपटी थोडी वरखाली करता येई. तिनेच विमान सांभाळायचं, असं त्याने सुचवलं. येगरने ते करून पाहिलं आणि ते जमलं. १४ ऑक्टोबरला, सुमारे तेरा हजार मीटर उंचीवर, एक्स-१ ने ध्वनीच्या १.०६ पट, म्हणजे ताशी सुमारे ११३० किलोमीटर वेग गाठला. भिंत वगैरे काही नव्हतीच. होतं ते आपलं अज्ञान.

ही बातमी सरकारने अधिकृतपणे मान्य केली ती १९४८ च्या जूनमध्ये. शेपटीचा धडा मात्र अभियंत्यांनी लगेच गिरवला. कोरियन युद्धातल्या सेबर विमानांच्या नव्या आवृत्तीत अख्खी शेपटी हलू लागली. आपल्या वायुदलाच्या सुखोई-३० ची आडवी शेपटीही अशीच अखंड हलते.

एक्स-१ आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. विक्रम पुढे मोडले गेले, मोडायचेच होते. पण प्रायोगिक विमानाची खरी कमाई विक्रमात नसते. ‘इथे दांडा चालत नाही’ हे कळणं, आणि त्यावर जिवंत परत येऊन उपाय सांगणं, ही ती कमाई. डी हॅविलंडला परत येता आलं नाही, हे मात्र विसरता कामा नये.