ऐकणे, गिळणे, बोलणे : कान-नाक-घसा आणि मान यांच्या संशोधनात प्रवेश करताना

कानाच्या पाळीपासून गळ्याच्या खळगीपर्यंत जेमतेम वीतभर अंतर असते. एवढ्याशा जागेतून माणूस श्वास घेतो, घास गिळतो, बोलतो, ऐकतो, वास ओळखतो आणि चालताना तोल सांभाळतो. इथला आजार पुष्कळदा जीव घेण्याच्या कितीतरी आधी माणसाला माणसांतून उठवतो. तोंड उघडत नाही म्हणून तो पंगत टाळतो, ऐकू येत नाही म्हणून गप्पांतून बाजूला होतो, आवाज गेला म्हणून घरातही गप्प राहतो. म्हणून या शाखेतले संशोधन वाचताना दोन मोजमापे बरोबरीने धरावी लागतात : किती माणसे वाचली, आणि वाचलेल्यांना काय परत मिळाले.

हे लेखन महाड-पोलादपूर भागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, वैद्यकाचे विद्यार्थी आणि जाणून घेण्याची इच्छा असणारा कोणताही वाचक यांच्यासाठी आहे. या सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे. या शाखेत उपचार बदलणारे प्रश्न बहुतेक वेळा रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या, त्याचे म्हणणे नीट ऐकणाऱ्या आणि ते लिहून ठेवणाऱ्या माणसाला पडले आहेत. असा माणूस तालुक्याच्या दवाखान्यातही असू शकतो.

याचा सर्वांत भक्कम पुरावा महाड तालुक्यातल्या बिरवाडीतच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा आणि वैद्यकीय शिक्षण नागपूरचे. १९७६ साली ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने इथे माणसे मरत होती, लहान मुले तर विशेष. ठरलेले उपचार देऊनही ती वाचत नव्हती. बावस्करांनी रुग्णाशेजारी बसून क्रम टिपला : आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय थंडगार पडणे, रक्तदाब चढणे, आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरून तोंडाला फेस येणे. मृत्यूचे कारण हृदय आणि रक्ताभिसरणात होते. विंचवाच्या विषाने शरीरातली ॲड्रेनलिनसारखी रसायने एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर न पेलणारा भार येतो. त्यांची ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, तोंडाने घ्यायचे औषध त्यांनी वापरले. त्याचा अहवाल १९८६ मध्ये त्याच नियतकालिकाने छापला. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. ते प्रमाण जवळपास १ टक्क्यावर आले. पुढे प्रतिविषाची लस उपलब्ध झाली, तेव्हा डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडमध्ये तुलनात्मक चाचणी घेतली : नुसते प्राझोसिन, की प्राझोसिन आणि लस दोन्ही? दोन्ही दिलेले रुग्ण लवकर सावरले. ती चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे काम कान-नाक-घशाचे नाही. पण त्याची रीत याच विषयाला लागणारी आहे : आधी नोंद, नोंदीतून प्रश्न, आणि प्रश्नाचे उत्तर तुलनेतून. शिवाय या भागात विषबाधा आणि घसा यांचा थेट संबंध येतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा दंश कित्येकदा जाणवतही नाही. पहाटे तो पोटात दुखते, घसा दुखतो, गिळता येत नाही अशी तक्रार घेऊन येतो. मग पापण्या जड होतात, लाळ गळते, मान धरवत नाही, आणि पुढे श्वास थांबतो. अशा रुग्णाला घसादुखीची गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. घशाची तक्रार ऐकताना तो रात्री कुठे झोपला होता हे विचारावे लागते, कारण इथले शेत, घर आणि ऋतू हेही निदानाचे भाग आहेत.

या शाखेचा इतिहासही असाच घडला आहे. जिवंत माणसाचे स्वरयंत्र हलताना नीट पाहण्याची रीत १८५४ मध्ये एका गायनशिक्षकाने शोधली. मॅन्युएल गार्सिया यांनी दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश आत पाडला आणि स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. आवाज कसा उमटतो हा त्यांच्या रोजच्या शिकवण्यातला प्रश्न होता. व्हिएन्नातले रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धूत असत, तेव्हा काहींना चक्कर येई. पाणी गार आहे अशी तक्रार एका रुग्णाने केली. बारानींच्या लक्षात आले की पाणी गार असेल तर डोळे एका दिशेने थरथरतात आणि गरम असेल तर उलट दिशेने. आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेची चाचणी त्यातून उभी राहिली आणि १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच तोलाच्या अभ्यासातून पुढे कळले की कूस बदलताना येणारी गरगर पुष्कळदा आतल्या कानात जागा सोडून सरकलेल्या कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांमुळे असते. जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने डोके ठरावीक क्रमाने वळवले की हे कण मूळ जागी परततात. त्याला औषध लागत नाही, यंत्रही लागत नाही. तपासणीच्या साध्या पलंगावर हे करता येते आणि ते प्रत्येक प्राथमिक केंद्रात यायला हवे.

आपल्याकडे या शाखेचे सर्वांत मोठे ओझे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना, मावा आणि मशेरी टिकून आहेत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दातांना लावणाऱ्या बाईला तुम्ही तंबाखू खाता का असे विचारले तर ती मनापासून नाही म्हणते. केसपेपरवर प्रश्न कसा विचारला आहे त्यावर नोंदीचा खरेपणा ठरतो, तो असा. सुपारीनेही हानी होते. सुपारीमुळे तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि जबडा हळूहळू उघडेनासा होतो. या विकाराचे वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतीय कान-नाक-घसा नियतकालिकात केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला, तंबाखू नसतानाही, निश्चित कर्करोगकारक ठरवले.

मुंबईत परळला १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातून गेल्या काही वर्षांत आलेले संशोधन जगभर वाचले जाते. त्यातल्या एका चाचणीचा प्रश्न सर्जनांना अनेक दशके छळत होता. तोंडातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. मग मानेतल्या लसिका ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की पुढे गाठ दिसली तरच? आधी काढल्या तर कित्येकांचा खांदा दुखतो, हात पूर्ण वर जात नाही आणि विनाकारण शस्त्रक्रिया झाल्याची रुखरुख राहते. थांबावे तर आत दडलेला रोग पसरण्याची भीती असते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून तुलना केली. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. तीन वर्षांनी ग्रंथी आधी काढलेल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्या गटातले ६७.५ टक्के. म्हणजे ढोबळमानाने दर आठ शस्त्रक्रियांमागे एक जादा माणूस जिवंत राहिला. मतांनी न सुटलेला वाद मोजणीने सुटला.

त्याच रुग्णालयातल्या औषधोपचाराच्या चाचण्या इथल्या वाचकाच्या आणखी जवळच्या आहेत, कारण त्यांत रुग्णाची ऐपत हाही प्रश्नाचा भाग आहे. रोग पुढे गेलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या द्याव्यात की शिरेतून सिस्प्लॅटिन? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत गोळ्यांच्या गटाचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने आणि सिस्प्लॅटिनच्या गटाचे ६.१ महिने आले. हा फरक महिन्या-दीड महिन्याचा आहे. तरी घरी बसून घेता येणाऱ्या गोळ्यांनी तो मिळाला, याचे मोल परळला जायचे तर मजुरी बुडते अशा कुटुंबाला कळते. पुढच्या चाचणीत अशा गोळ्यांच्या जोडीला निव्होलुमॅब हे महागडे प्रतिकारशक्तीचे औषध दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एका वर्षाने ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के.

इथे वाचकाने थोडे थांबावे. अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली आहे असे या चाचणीने सिद्ध केलेले नाही, कारण पूर्ण मात्रेशी तिने तुलनाच केली नव्हती. ज्यांना पूर्ण मात्रा कधीच परवडणार नव्हती, त्यांना अल्प मात्रेने मोठा लाभ झाला, एवढे तिने दाखवले. तेवढेही फार मोठे आहे. कोणताही निष्कर्ष वाचताना तुलना कशाशी होती हे आधी पाहावे. हाच धडा सिस्प्लॅटिनच्या दुसऱ्या वादातही मिळतो. २०१८ च्या मुंबईच्या चाचणीत किरणोपचारासोबत दर आठवड्याची लहान मात्रा दर तीन आठवड्यांनी दिलेल्या मोठ्या मात्रेपेक्षा उणी ठरली. २०२२ च्या जपानी चाचणीत आठवड्याची मात्रा पुरेशी ठरली. दोन्ही खरे असू शकते. मुंबईत आठवड्याला दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम दिले होते आणि जपानात ४०.

पण रोग पुढे जाण्याआधी सापडला तर या औषधांची पाळी पुष्कळदा येतच नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. लागणारे साधन म्हणजे विजेरी आणि शिकवलेला डोळा. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, मोठ्या माणसाच्या मानेत गाठ आली, तर पुढची तपासणी व्हायलाच हवी. मानेतली गाठ सरळ कापण्याआधी सुईने पेशी काढून पाहाव्यात, कारण आपल्याकडे ती क्षयाचीही असू शकते आणि उपचाराची वाट तिथूनच बदलते.

कानाच्या संशोधनाने अलीकडे मोठी झेप घेतली आहे. २०२४ च्या जानेवारीत शांघायच्या संशोधकांनी ओटोफर्लिन या जनुकातल्या दोषामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडल्याचा अहवाल दिला. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. हा दोष बहिऱ्या मुलांपैकी थोड्यांतच असतो, त्यामुळे बहुतेकांचा आधार श्रवणयंत्र किंवा शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेले कॉक्लियर इम्प्लांट हाच आहे. मुंबईत या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून निदान, वाचा-प्रशिक्षण आणि पुनर्वसनाचे काम करते आहे. सारे यश मात्र वेळेवर ठरते : पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात. भाषा शिकण्याची वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

नाकाबद्दल २०२१ ने दिलेला धडा अजून ताजा आहे. कोविडनंतर म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने नाकाच्या पोकळ्या, डोळे आणि टाळू गिळले. महाराष्ट्राने त्याचा मोठा फटका सोसला. ताब्यात नसलेला मधुमेह आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड यांची जोडी त्यामागे वारंवार दिसली. गालावर बधिरपणा, एका बाजूने नाक बंद, काळपट स्राव या खुणा ज्यांनी लवकर ओळखल्या, त्यांचे रुग्ण अधिक वाचले.

आता या भागाने विचारायचे प्रश्न. मशेरी लावणाऱ्या किती स्त्रियांच्या तोंडात पांढरे किंवा लाल चट्टे आहेत? तोंडातली जखम पहिल्यांदा लक्षात आल्यापासून तिचा तुकडा काढून तपासेपर्यंत किती दिवस जातात, आणि ते घरी जातात की दवाखान्यांच्या फेऱ्यांत? महाडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या आवाजात आठ तासांची पाळी करणाऱ्यांची श्रवणशक्ती वर्षागणिक कशी बदलते? आठ तासांसाठी ८५ डेसिबलच्या वरचा आवाज धोक्याचा मानला जातो, हे त्या कामगारांना कोणी सांगितले आहे का? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर जन्मलेल्या बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात होते का? वाहणाऱ्या कानात घातलेले तेल किती मुलांच्या आजाराला लांबवते?

यांपैकी एकाही प्रश्नाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती रुग्णाची संमती, त्याच्या खासगीपणाची राखण, एकसारखा लिहिलेला केसपेपर आणि काही वर्षांची चिकाटी. मोठ्या रुग्णालयांना हे प्रश्न दिसत नाहीत, कारण त्यांच्यापर्यंत रुग्ण उशिरा पोहोचतो. आरंभ फक्त तालुक्याला दिसतो. म्हणून हे संशोधन वाचणाऱ्याने आपल्या टेबलावर एक वही ठेवावी, पुढच्या रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावी आणि महिन्याने ती पाने एकत्र वाचावीत. या विद्येत आपले स्वागत आहे, आणि तिला आपल्या नोंदींची गरज आहे.