किमोनंतरचं विसरणं : एका तक्रारीची कुळकथा

कर्करोगावरच्या औषधांचा उगम विषारी वायूच्या संशोधनात आहे. 1942 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी लिम्फोमाच्या एका रुग्णाला शिरेतून त्याच संशोधनातलं नायट्रोजन मस्टर्ड दिलं. गाठी झपाट्यानं ओसरल्या, पण तो रुग्ण काही महिन्यांतच दगावला. पुढची अनेक वर्षं डॉक्टरांपुढे एकच प्रश्न होता : माणूस किती जगेल? त्याला नावं आठवतात का, हिशेब जमतो का, हे विचारायला सवड कोणाला होती? विसरण्याची तक्रार पुढे आली ती रुग्ण जगू लागले, कामावर परतू लागले तेव्हा.

ती आधी ऐकू आली मुलांच्या बाबतीत. मेम्फिसचं सेंट ज्यूड रुग्णालय 1962 साली सुरू झालं. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी मेंदूच्या आवरणांत दडून राहतात आणि शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथवर पुरेशी पोचत नाहीत. म्हणून डोनाल्ड पिंकेल यांच्या पथकानं मुलांच्या डोक्याला किरणोपचार दिले आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मेथोट्रेक्सेट सोडलं. साठचं दशक संपता संपता जवळजवळ निम्मी मुलं वाचू लागली. ही मुलं शाळेत गेली आणि गणितात, एकाग्रतेत मागे पडू लागली, विशेषतः ज्यांना फार लहान वयात किरणोपचार मिळाले होते ती. त्यानंतर किरणांची मात्रा 24 ग्रेवरून 18 वर आली. 2009 मध्ये याच रुग्णालयानं डोक्याचे प्रतिबंधक किरणोपचार टाळूनही मुलं बरी करता येतात, हे दाखवून दिलं.

मुलांच्या बाजूनं त्यांची प्रगतिपुस्तकं बोलली. मोठ्या माणसाला प्रगतिपुस्तक नसतं. 1976 साली मिलानमध्ये जानी बोनादोना यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची किमो दिली, तर रोग उलटण्याचं प्रमाण घटतं, हे सिद्ध केलं. मग ऐन संसारातल्या, नोकरीतल्या असंख्य बायका किमो घेऊन घरी परतू लागल्या. वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, शब्द ओठावर येऊन अडतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, असं त्या सांगत. उत्तर ठरलेलं असे : ताण आहे, वय झालं, जीव वाचला ना!

खरं तर 1980 सालीच अमेरिकेतल्या डार्टमथच्या पीटर सिल्बरफार्ब यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराच्या नियतकालिकात लिहिलं होतं की, किमो घेणाऱ्यांच्या आकलनात दिसणारा बिघाड केवळ नैराश्यानं उलगडत नाही. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. तक्रार धरून ठेवली ती रुग्णांनीच. आधारगटांत बसणाऱ्या बायकांनी तिला ‘किमो ब्रेन’ म्हणायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी तो शब्द त्यांच्याकडून उचलला.

1995 मध्ये वीनेके आणि डीन्स्ट यांनी किमो झालेल्या 28 बायकांच्या चाचण्या घेतल्या. दर चौघींपैकी तिघींमध्ये किमान एका चाचणीत मध्यम दर्जाची घट आढळली. त्यातली एक प्रसिद्ध चाचणी मूळची अमेरिकी लष्कराच्या 1944 च्या संचातली. कागदावर 25 वर्तुळं विखुरलेली असतात. आधी 1 ते 25 आकडे क्रमानं रेघेनं जोडायचे. मग दुसऱ्या कागदावर आकडा आणि इंग्रजी अक्षर आलटून पालटून : 1 वरून ए, ए वरून 2, 2 वरून बी, असं 13 पर्यंत. पेन्सिल उचलायची नाही आणि बाजूला घड्याळ चालू. पहिला कागद बराचसा वेग मोजतो. दुसऱ्यात दोन धागे एकाच वेळी डोक्यात धरावे लागतात आणि गाडी अडते ती तिथे. दुसऱ्या एका चाचणीत 12 शब्द तीनदा वाचून दाखवतात आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विचारतात : किती आठवतात?

1998 साली नेदरलँड्समधल्या फ्रिट्स व्हान डाम यांच्या गटानं तुलना मांडली. उपचार संपून साधारण दोन वर्षं झालेल्या बायकांपैकी जबर मात्रेची किमो घेतलेल्यांत 32 टक्के, नेहमीच्या मात्रेत 17 टक्के आणि किमो न घेतलेल्यांत 9 टक्के जणींना बिघाड होता. मात्रा वाढली तसं नुकसान वाढलं. मग शंका निघाली : या बायका आधीपासूनच अशा नसतील कशावरून? 2004 मध्ये अमेरिकेतल्या जेफ्री वेफेल यांनी किमोच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तपासलं. उत्तर दुहेरी आलं. सुमारे एक तृतीयांश जणींत किमोआधीच कमतरता होती, आणि किमोनंतर बऱ्याच जणींची घसरण झाली. म्हणजे दोष एकट्या किमोचा नाही. खुद्द रोग, हार्मोनची औषधं, झोपमोड, चिंता हे सगळेच वाटेकरी आहेत.

तरी एक कोडं उरलं. कित्येक जणींना त्रास जाणवे, पण चाचणीत गुण चांगले पडत. 2007 साली डार्टमथमध्ये एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्या बहिणी तपासल्या गेल्या. एकीला किमो मिळाली होती, दुसरीला कर्करोगच नव्हता. चाचण्यांत दोघींत फारसा फरक नव्हता. पण स्मरणाचं काम करताना किमो घेतलेल्या बहिणीच्या मेंदूचा जास्त मोठा भाग कामाला लागलेला स्कॅनमध्ये दिसला. तेवढंच काम, पण त्यासाठी उपसा जास्त. शांत खोलीत अर्धा तास हे निभावतं. फोन वाजतोय, कुकर शिट्ट्या देतोय, मूल काहीतरी विचारतंय, अशा दिवसात नाही.

2018 च्या डिसेंबरात स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटानं उंदरांवरून एक यंत्रणाही दाखवली. मेथोट्रेक्सेटमुळे मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी चवताळतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण तयार करणाऱ्या पेशींची वाढ बिघडते. त्या आधीच्या वर्षी अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या 581 रुग्णांच्या पाहणीत किमोनंतर 45 टक्के जणींनी स्मरण-एकाग्रता लक्षणीय घटल्याचं सांगितलं होतं. निरोगी बायकांत हे प्रमाण 10 टक्के होतं. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या तक्रारीला ‘मनाचे खेळ’ म्हणता येत नाही.

यावर हमखास लागू पडेल असं औषध अजून नाही. पण हातात काहीच नाही, असंही नाही. रक्तक्षय, थायरॉइड, बी-12ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या ही भर घालणारी कारणं तपासून दूर करता येतात. नियमित चालण्यानं आणि बुद्धीच्या पद्धतशीर सरावानं अनेकांना फरक पडतो. मुंबईत टाटा रुग्णालयात कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळा दवाखाना चालतो. उपचारानंतरच्या आयुष्याकडे असं लक्ष मोठ्यांनाही मिळायला हवं.

म्हणून घरच्यांना विनंती : किमो झालेलं माणूस ‘आठवत नाही’ म्हणालं, तर त्याला हसू नका आणि धाकही दाखवू नका. एका वेळी एकच काम सांगा. आणि पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ही तक्रार डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला लावा. जी तक्रार लिहिली जात नाही, तिच्यावर उपाय शोधला जात नाही.