मरा, पण शरण जाऊ नका

१४ डिसेंबर १९६१. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम गोव्याचा गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा याच्या हाती पडतो. शरणागती नाही. सैनिक आणि खलाशी जिंकतील, नाहीतर मरतील. त्याच वर्षी अंगोलात, पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतीत, बंड पेटलं होतं; गोवा सुटला की आफ्रिकाही सुटेल, ही सालाझारची धास्ती. मरायचं मात्र इथल्यांनी, तेही एका लढाऊ विमानाशिवाय.

१८ डिसेंबर, पहाट. भारताची कॅनबेरा विमानं दाबोळीची धावपट्टी फोडतात.

सकाळी साडेसहा. दोडामार्गाहून भारतीय सैन्याची एक तुकडी अस्नोडा, थिवीच्या रस्त्याला लागते. पोर्तुगीज पूल उडवत मागे सरकताहेत.

दुपारी बारा. मुरगावला पोर्तुगीजांची एकच युद्धनौका उभी आहे. तिचं नाव 'अफोंसो द अल्बुकर्क', म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणाराच! 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय युद्धनौका तिच्यावर तोफा डागतात. कप्तान आरागाँव गंभीर जखमी होतो, जहाज किनाऱ्याजवळ रुततं आणि खलाशी ते सोडून देतात. हुकुमातला 'मरा' हा शब्द इथे मोडला.

संध्याकाळी पाच. दोडामार्गाची तुकडी बेतीला पोचते. समोर मांडवी, पलीकडे पणजी. पण नदी ओलांडायचा हुकूम नाही, म्हणून सैन्य थांबतं. आग्वादच्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला निघालेले मेजर सिद्धू मात्र किल्ल्यापाशीच गोळीबारात पडतात.

मध्यरात्र उलटलेली. न्यूयॉर्कला अजून १८ तारीखच आहे. युद्धबंदी करा, सैन्य मागे घ्या, हा ठराव सुरक्षा परिषदेत येतो. बाजूने सात मतं, विरोधात चार. त्या चारांत लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे इजिप्त, दोघंही आफ्रिकेतले. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडतो.

१९ डिसेंबर, सकाळ. भारतीय सैन्य पणजीत.

रात्री साडेआठ. वासालो इ सिल्व्हा शरणागतीवर सही करतो. लिस्बनच्या लेखी हा गुन्हा. मला त्या दोन दिवसांतलं पोर्तुगीज बाजूचं एवढंच शहाणपण दिसतं.

१९६३ मध्ये त्याला सैन्यातून हाकललं. १९७४ च्या क्रांतीनंतर परत घेतलं. अंगोला स्वतंत्र झाला १९७५ मध्ये. आणि गोव्याच्या मुक्तीसाठी लढताना १९५५ मध्ये पकडले गेलेले मोहन रानडे, गोवा सुटल्यावरही, १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगातच होते.