इंदापूरची फेरमोजणी

पेशवाई बुडाल्यावर पुणे जिल्ह्याचा सारा ठरवायचं काम कंपनी सरकारच्या गळ्यात पडलं. १८२० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने ते अंगावर घेतलं. माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस. शेताच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता जे उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. १८३० मध्ये तो इंदापुरात लागू झाला.

कागदावर सगळं चोख होतं, तक्ते भरलेले होते. पण तक्त्यांतली माहिती गोळा करणाऱ्या कारकुनांवर धड देखरेख नव्हती, आणि जमिनीची प्रत ठरवताना, म्हणजे प्रतबंदीत, लाचलुचपत बोकाळली. सारा झेपेना. रानं पडीक पडली, शेतकरी गावं सोडून निघून गेले.

१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचा नाद त्यांनी सोडला. त्यांची पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. ३३ फुटी साखळीने शेत मोजायचं. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. प्रतबंदी करणाऱ्याने जागोजाग खोदून मातीची खोली आणि रंग पाहायचा. चुनखडी, वाळू, उतार असा दोष दिसला की प्रत खाली आणायची. मग वरिष्ठाने त्यांतली काही शेतं स्वतः तपासायची आणि आपले आकडे कारकुनाच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. प्रतीवरून ठरलेले साऱ्याचे दर ३० वर्षं कायम राहत.

सावकाराच्या वहीला मात्र असा पडताळा नव्हता. वही त्याची, हिशेब त्याचा, अंगठा कुळाचा. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात जमावाने सावकारांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जरोखे जाळले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जाचे दस्त गावच्या निबंधकासमोर करणं सक्तीचं केलं.

सातबारा संगणकावर चढला तेव्हा नोंद खरी कशावरून, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. हस्तलिखित आणि संगणकीय उतारे जुळवायला २०१७ मध्ये राज्यभर चावडीवाचन झालं: तलाठ्याने वाचायचं, खातेदाराने चूक दाखवायची. ई-फेरफार या संगणकप्रणालीतले ‘ओडीसी’ अहवाल तर थेट डेटाबेसच चाळतात. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली नाही, की तो गट यादीत येतो.

वेबसाइट तपासणारे टेस्टरही हेच करतात. २००४ मध्ये शिकागोत जेसन हगिन्सने सेलेनियम लिहायला घेतलं आणि ब्राउझर आपोआप चालवणं सोपं झालं. स्क्रिप्ट फॉर्म भरते, बटण दाबते. पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ असं उमटतं. मुरलेला टेस्टर तेवढ्यावर चाचणी पास करत नाही. स्क्रिप्ट तिथूनच डेटाबेसला सिलेक्ट क्वेरी धाडते: ओळ पडली का, एकदाच पडली का, क्षेत्राचा दशांश जागेवर आहे का? क्वेरीसाठी लॉगिनही वेगळं ठेवतात, फक्त वाचण्यापुरतं. वेबसाइटच्याच कोडने वाचून दाखवलेलं उत्तर इथे पुरावा म्हणून चालत नाही.