परिचर्येची वाट आणि हरवलेली पायरी

बारावीचे निकाल लागले, म्हणजे मंडळीतील एखादी मुलगी वडिलांसह पाळकाकडे येते. “नर्सिंगला जावे, की डॉक्टरांच्या सहायकाचा अभ्यासक्रम घ्यावा?” असा तिचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या वाटा कशा निर्माण झाल्या, हे पाहणे हितावह ठरेल.

वेल्लोर येथे डॉ. आयडा स्कडर यांनी १९०९ साली परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले. परक्याच्या रक्ताला व मलमूत्राला स्पर्श करणे त्या काळी हीन समजले जाई. म्हणून स्वातंत्र्यपूर्व काळात भारतीय परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचा भरणा मोठा होता. १९१८ साली डॉ. स्कडर यांनी तेथेच स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढली. ती पदवी देत नसे, ‘एल्.एम्.पी.’ ही पदविका देई. आपल्या बाजूस मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी त्याआधीच, १८९७ साली, वैद्यकीय शाळा सुरू केली होती.

पुढे मात्र या दोन वाटांचे दैव भिन्न झाले. १९४६ च्या भोर समितीने देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा, असे सुचविले. वेल्लोरने १९४२ सालीच एम्.बी.बी.एस्. सुरू केले होते. पदविकेची पायरी नाहीशी झाली, आणि तीवर उभे असलेले वैद्य कनिष्ठ गणले गेले. परिचर्येत उलट घडले. तेथे पदविका टिकली आणि तिच्यावर १९४६ साली वेल्लोर व दिल्ली येथे पदवीची पायरी बांधली गेली. १९४७ च्या कायद्याने शिक्षणाचा दर्जा राखणारी भारतीय परिचर्या परिषद आली.

हरवलेली मधली पायरी निराळ्या रूपाने परतली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने १९६५ साली नौदलातून आलेल्या वैद्यकीय सेवकांना घेऊन ‘फिजिशियन असिस्टंट’ अभ्यासक्रम सुरू केला. १९९२ साली मद्रास मेडिकल मिशनने तो आपल्या देशात आणला. त्याला कायद्याची मान्यता मात्र २०२१ साली मिळाली. म्हणजे पहिल्या तुकड्यांनी सुमारे तीस वर्षे कायद्याच्या आधाराविना काम केले.

इतिहासाचा बोध असा, की सेवावृत्ती कितीही निर्मळ असली तरी जिच्यामागे कायदा नाही व पुढे चढण नाही, अशी पायरी माणसास अधांतरी ठेवते. म्हणून त्या मुलीस आपण तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेस मान्यता व पदवीनंतर नोंदणी आहे काय? पुढे शिकण्याचा मार्ग आहे काय? रोग्याच्या उशाशी अहोरात्र राहणे तिला रुचते, की डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी व उपचारांस हातभार लावणे? दोहोंपैकी कोणतीही वाट डॉक्टरकीचा आडमार्ग नव्हे, हेही स्पष्ट सांगावे.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, आणि पुढील व्यवस्थेसाठी उतारशाळेत पैसेही ठेवले. आपल्या सल्ल्यात करुणेबरोबर ही दूरदृष्टीही असावी.